चौकटीवरची खाच

आमची गल्ली पडद्यावर हिरवीगार उमटली तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. ते हिरवं धादांत खोटं होतं आणि ते मीच भरलं होतं, स्वतःच्या बोटाने.

काम काय होतं ते सांगते. पालिकेने पूरधोक्याचा नकाशा करायला घेतला होता. ड्रोन उडवून शहराचा उंचसखलपणा मोजला, मागच्या तीस वर्षांच्या पावसाचे आकडे गोळा केले, पुढच्या तीस वर्षांचे अंदाज मागवले. हे सगळं एका प्रोग्रॅममध्ये ओतलं की तो प्रत्येक घराला रंग देतो. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. पण ड्रोनला छपरं दिसतात, रस्ते दिसतात, घरातली फरशी दिसत नाही. आणि आमच्या गल्लीत तीच तर गोम आहे. रस्त्यावर दर दोन वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, जुना कुणी खरवडत नाही. रस्ता वर गेला, घरं होती तिथेच राहिली. म्हणून प्रोग्रॅम माणसांना विचारतो, मागच्या मोठ्या पुरात तुमच्या घरात पाणी किती चढलं होतं? हे विचारत दारोदार हिंडायचं काम आम्हा कंत्राटी पोरींचं. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, पायात झिजलेली चप्पल.

कॉलेजची पायरी मी चढलेली नाही. मावशीच्या स्वयंपाकघरात बसून, मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत चुकत मी नकाशे शिकले. आज पदव्या घेतलेले लोक 'फाइल उघडत नाही' म्हणून माझ्या टेबलाशी येतात. त्यामुळे त्या प्रोग्रॅमबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही. 'मशीनला काय कळतंय' म्हणणारे शहाणे पैशाला पासरी आहेत. अहो, तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळणार. आमच्या गल्लीने त्याला काय सांगितलं? अकरा घरं, अकरा शून्यं.

पहिलं शून्य माझ्या मावशीचं. आई गेल्यावर हिने मला वाढवलं. शेजारच्या टेलरमास्तरांची काज-बटणं करते, दोन्ही गुडघे कामातून गेलेत, जीभ शाबूत आहे. मी उंचीने बेताची, म्हणून मला ठेंगू म्हणते. एकोणतीस वर्षांची झाले तरी ठेंगूच.

"लिही, शून्य," ती म्हणाली होती.

"मावशी, मी इथेच होते. मला कपाटावर बसवलं होतंस तू."

"सात वर्षांची होतीस. त्या वयात डबकंसुद्धा समुद्र वाटतं."

"डबक्यात फ्रीज तरंगतो?"

"हलका होता तो. ठेंगू, लिही म्हटलं ना."

मी लिहिलं. जिने आपलं नाक पुसलं तिच्यापुढे टॅब नाचवत खरं-खोटं करणं मला जमलं नाही. मास्तर दारात उभं राहून ऐकत होते. मी पुढच्या दारात पोचायच्या आधी बातमी पोचली, मावशीने शून्य सांगितलं. मग काय, सगळेच कोरडे.

आता हिरव्याचा अर्थ ऐका. पंप दुसऱ्या गल्लीला जाणार. पाणी चढायच्या सहा तास आधी लोकांना फोन जातो, तो आमच्याकडे येणार नाही. ज्यांना उचलून न्यावं लागतं अशा माणसांची यादी लाल घरांपासून सुरू होते आणि पिवळ्यांवर संपते. हिरव्या घरात एक बाई राहते आणि तिला भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही, हे त्या यादीला कधी कळणारच नाही.

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत, पण आकड्यांत बोलतात म्हणून आम्ही त्यांना टक्केसाहेब म्हणतो.

"साहेब, आमची गल्ली चुकलीय."

"भरली कुणी?"

"मी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग चूक तुझी का गल्लीची?"

"दोघांची."

"शुक्रवारी बाराला आराखड्याला कुलूप. मग पाच वर्षं उघडणार नाही. त्याआधी दुरुस्त कर, पुराव्यासकट. बारानंतर ब्रह्मदेव आला तरी काही होणार नाही, पंचाण्णव टक्के."

"आणि पाच टक्के?"

"ते ब्रह्मदेवाचे. जा."

तो मंगळवार होता. संध्याकाळी मावशीकडे गेले. ती खिडकीशी बसून एका जाकिटाला बटणं लावत होती. मी हिरव्याचा अर्थ तिलाही सांगितला. ती सुई थांबवत नव्हती.

"आणि लाल झालं की?" तिने विचारलं. "नदीकाठच्या वस्तीवर लाल आकडे टाकले होते, आठवतं? सहा महिन्यांत उठवली. शहराबाहेर सातव्या मजल्यावर नेऊन टाकलेत, लिफ्ट बंद. तू माझे गुडघे बघ आणि सातवा मजला बघ."

साहेबी थाटात 'तसं काही होणार नाही' म्हणणारे मी फार बघितलेत, त्यांच्यातली मला व्हायचं नव्हतं.

"उठवणार नाहीत असं लिहून देशील?"

"नाही. ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे, की पाणी यायच्या आधी तुझा फोन वाजेल आणि दोन माणसं खुर्ची घेऊन तुला न्यायला येतील."

तिने एक बटण लावलं. दोरा दाताने तोडला. दुसरं लावलं.

"खुर्ची हातांची का बिनहातांची?"

"हातांची."

"हं." जाकीट बाजूला ठेवून ती उठायला लागली. "उद्या उठवायला आले तर उद्या भांडू. भांडायला जिवंत असावं लागतं. बुडालेल्या बाईचं कोण ऐकतंय? धर मला."

मी धरलं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. ती चौकट माझ्या काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने बनवलेली. सुतार होते. चौकटीच्या आतल्या बाजूला माझी उंची आहे, दर वाढदिवसाला पेन्सिलीने मारलेली आडवी रेघ आणि शेजारी वर्ष. पहिल्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, मग मी वाढायचीच थांबले. चौकटीला किती वेळा ऑइलपेंट लागला, पण रेघांची पट्टी मावशीने दर वेळी कोरी सोडली. रंगारी वैतागायचा.

ती सातव्या रेघेजवळ आली. तिथून जरा बाहेर, रंगावर अंगठा फिरवत राहिली. मग बटणाच्या कात्रीचं टोक घेऊन खरवडायला लागली. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पुट्टी, त्याखाली एक स्वच्छ सरळ खाच. पटाशीने मारलेली.

"पाणी उतरलं त्या दिवशी काकांनी पाडली. म्हणाले, विसरायला नको."

खाच माझ्या सातव्या वर्षाच्या दोन बोटं वर होती. बावीस वर्षं मला एवढंच माहीत होतं की मी कपाटावर बसले होते आणि खाली मजा चालली होती. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग बुजवलीस कशाला?"

"तुझ्यापायी." ती चौकटीकडे बघूनच बोलली. "इथून जाताना तू रोज मान वर करून खाचेकडे बघायचीस आणि गाल फुगवून श्वास धरायचीस. पलीकडे गेलीस की सोडायचीस. महिनाभर बघितलं मी. मग एक दिवस तू शाळेत गेलीस आणि मी पुट्टी आणली."

मी मान खाली घालून टेप लावली. उंबऱ्यापासून एकशे चौदा सेंटिमीटर. फोटो काढला, नोंद भरली, पाठवली. दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर ओळ आली, 'शेजारच्या दहा नोंदींशी विसंगत. नोंद वगळली.'

म्हणजे बघा. बावीस वर्षांनी एक बाई खरं बोलली आणि ते कचऱ्यात गेलं, कारण बाकी दहा जण एकसुरात खोटं बोलत होते. मला प्रोग्रॅमचा राग आला नाही. एका घरात छातीएवढं पाणी आणि भिंतीपलीकडे कोरडं, असं पाणी कुणी बघितलंय? त्याच्या जागी मी असते तर मीही वगळलं असतं. राग आला तो आमचा, अकराच्या अकरा घरांचा. बुधवारी साहेब म्हणाले, "एकटी नोंद टिकत नाही. काढून टाक." मी संध्याकाळी मावशीला तसंच सांगितलं.

"मास्तर काय म्हणतात?" तिने विचारलं.

"शून्य."

"उद्या सकाळी ये."

गुरुवारी सकाळी ती माझ्या खांद्यावर हात टाकून घराबाहेर पडली. माझा खांदा तिच्या हाताला बरोबर बसतो, ठेंगू असल्याचा तेवढा एक फायदा. मास्तरांचं दुकान भिंतीला भिंत लागून, तरी चार मिनिटं लागली. आत मास्तर एका बाईच्या मुलीच्या लग्नाचे कपडे घडी करत होते.

"मास्तर, कपाट सरकवा," मावशी दारातूनच म्हणाली.

"वहिनी, गिऱ्हाईक आहे."

"असू दे, त्यांनाही दिसेल."

"अहो, कपाटामागे काही नाही."

"काही नाही तर सरकवायला काय जातंय? माझ्याकडे पोरीच्या डोक्यावरून पाणी, आणि तुमच्याकडे शून्य! पाणी काय तुमच्या दारात माप द्यायला थांबलं होतं?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "वहिनी, लग्नसराईचे कपडे आहेत. इथे पाणी भरतं असं कळल्यावर कोण ठेवेल माझ्याकडे कापड? पोटावर पाय देताय तुम्ही."

ती गिऱ्हाईक बाई हसायला लागली. "मास्तर, मी मागच्या गल्लीत राहते. तेव्हा तुमचे तागे पोहत आमच्याकडे आले होते. पिळून, वाळवून आम्हीच परत आणून दिले की! आणि तरी कपडे तुमच्याकडेच शिवते."

मास्तरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मावशीकडे, आणि निमूटपणे कपाटाला खांदा लावला. मागे भिंतीवर तपकिरी रेघ होती, चहाच्या कपात तळाला राहते तशी. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. "पंचेचाळीस इंच."

मी हिशेब केला. एकशे चौदा. सारखंच! मावशीने माझ्या पाठीत असा धपका घातला की टॅब पडता पडता वाचला.

पण मी व्हिडिओ बघून शिकलेली बाई. पदवीवाल्याला एक चूक माफ असते, मला अर्धी पण नसते. जमिनीपासून मोजून चालत नाही, घरोघरच्या फरश्या खालीवर असतात, हे मला माहीत होतं. दोन्ही खुणा एका पातळीत आहेत का ते बघायला हवं, म्हणून मी काकांची लेव्हलची नळी काढली. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. दोन टोकं दोन घरांत धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. मास्तरांनी एक टोक त्यांच्या रेघेशी धरलं, दुसरं घेऊन मी आमच्या चौकटीपाशी गेले.

नळीतलं पाणी खाचेच्या पार खाली थांबलं. अडतीस सेंटिमीटर खाली.

मास्तर बघायला आले आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले. "वहिनी, पंधरा इंच वाढवून सांगताय."

"मी? बावीस वर्षं कपाटामागे लपवलंत तुम्ही, आणि वाढवते मी?"

"टेप खोटं बोलत नाही."

"माझ्या ब्लाउजच्या वेळी बोलली होती."

"ते कापड आटलं होतं!"

"कापड आटतं, पाणी आटतं, तुमची जीभ तेवढी आटत नाही."

"मास्तर, मावशी, दोघंही गप्प बसा," मी ओरडले. दोघंही गप्प बसले, ते माझ्या ओरडण्याने नव्हे. मावशी पायाखाली बघत होती.

"थांब," ती म्हणाली. "फरशी."

"काय फरशी?"

"पुरानंतर काकांनी आत भराव घालून फरशी उचलली. सव्वा फूट. मग दार बुटकं झालं. मिस्त्री म्हणाला, चौकट खालून कापा. काकांनी त्याला हाकलून दिलं. खालून कापली असती तर तुझी प्रत्येक रेघ सव्वा फुटाने बुटकी झाली असती." तिने सगळ्यात खालच्या, पहिल्या रेघेकडे बोट केलं. "म्हणून त्यांनी चौकट आख्खी उचलून वर बसवली आणि वरची भिंत फोडली. चार दिवस धूळ खात होतो. सगळ्या रेघा वर गेल्या, तुझ्या पण आणि पाण्याची पण."

मास्तरांनी टेप मोजून धरली. सव्वा फूट म्हणजे पंधरा इंच. बरोबर पंधरा.

"वेडा माणूस होता," मास्तर म्हणाले. त्यांनी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. "पोरीची रेघ बुटकी व्हायला नको म्हणून भिंत फोडली."

मी दोन मिनिटं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

मग नोंद नीट लागली. मावशीच्या आजच्या फरशीपासून पाणी शहात्तर, मास्तरांच्या फरशीपासून एकशे चौदा. खरं बोलण्याचं एक बरं असतं, एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला खाज सुटते. मास्तर स्वतः दारोदार गेले, गळ्यात टेप घालून. संध्याकाळपर्यंत नऊ घरांतून नऊ रेघा निघाल्या. कुणाच्या आरशामागे, कुणाच्या कपाटाच्या आत, एकाच्या तर देवाच्या तसबिरीखाली, म्हणजे तो देवालाच पांघरूण घालायला सांगत होता. नळी प्रत्येक घरात फिरली. रेघा एकमेकींशी बोटभर फरकाने जुळल्या.

शुक्रवारी पावणेअकराला मी अकरा नोंदी पाठवल्या. प्रोग्रॅमने थोडा विचार केला आणि गल्ली लाल केली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. साहेब म्हणाले, "वॉर्डाचं हिरवं दोन टक्क्यांनी घसरलं," आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले.

लाल घरापुढे शिफारशीचा रकाना असतो. तिथे प्रोग्रॅमने आपणहून 'स्थलांतर' भरून ठेवलं होतं. हे त्याला कुणी शिकवलं? ज्यांना कधी कुठून उठवलेलं नाही त्यांनीच. मी ते पुसलं आणि 'जागेवर उपाय' निवडलं. त्याने कारण मागितलं. मी लिहिलं: रस्ता खरवडून जुन्या पातळीला आणावा, गल्लीच्या तोंडाशी पंप बसवावा, फरश्या सव्वा फूट उचलायला मदत द्यावी, एका घराने ते करून दाखवलं आहे, त्याचा फायदा आकड्यांत दिसतो. घरं हलवायची असतील तर आधी घरातल्यांना विचारावं.

"एवढं लांब?" साहेब म्हणाले. "वरच्यांना आवडणार नाही, ऐंशी टक्के."

"पुसायचं असेल तर तुमच्या नावाने पुसा. माझ्या नावावरचं एक खोटं मी आत्ताच पुसलंय. दुसरं भरणार नाही."

त्यांनी ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "सव्वा फुटाच्या ठिकाणी अडतीस सेंटिमीटर कर. सरकारी कागदात फूट चालत नाही." बाराला पाच मिनिटं असताना त्यांनी कुलूप लावलं. माझी ओळ आत राहिली. पुढे कुणी पुसेल का, सांगता येत नाही. पुसली तर मी आहे, मावशी आहे, आणि आता टेप घेतलेले मास्तरही आहेत.

संध्याकाळी मावशीने विचारलं, "मग तुझं ते यंत्र पुढचं काय म्हणतंय?"

"पुढचा मोठा पूर मागच्यापेक्षा वीस सेंटिमीटर वर येऊ शकतो."

"म्हणजे कुठपर्यंत? दाखव."

शहात्तर आणि वीस, शहाण्णव. मी फरशीपासून टेप लावली. शहाण्णवला माझी एक रेघ होतीच, पेन्सिलीची, पुसट. शेजारी काकांच्या अक्षरात लिहिलं होतं, चार.

मावशी वाकून बघत राहिली. "मागचं सातव्याच्या वर होतं."

"हो."

"आणि हे मोठं असून चौथ्याला."

"हो. फरशी उचलली ना काकांनी."

"तीन वर्षं उचललं तुला त्यांनी," ती म्हणाली आणि रेघेवर बोट ठेवून तशीच उभी राहिली, गुडघे दुखत असतील तरी. मग एकदम, "चार वर्षांची असताना फार हट्टी होतीस. गॅसची टाकी, माझी कागदपत्रं, बटणांचे डबे, सगळं त्या रेघेच्या वर लावून दे. आत्ता."

दीड तास मी स्टुलावर चढून फळ्या लावत होते आणि ती खालून 'अजून वर, अजून वर' करत होती.

पुढच्या बुधवारी दुपारी चाचणीचा फोन आला. मी तिथेच होते. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, ठणठणीत: 'ही पूर्वसूचना यंत्रणेची चाचणी आहे. आपल्या भागात पाणी चढण्याची शक्यता असल्यास...'

"हो गं बाई, ऐकू येतंय, ओरडतेस काय," मावशी त्या रेकॉर्डिंगला म्हणाली. तिने सुई कापडात खोचून ठेवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी तयार आहे म्हणून सांग तुझ्या माणसांना. आणि खुर्ची हातांची आणा. आमची ठेंगू तसं म्हणालीय."

पलीकडचा आवाज आपलं आपलं बोलत राहिला. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती, मधूनमधून 'हं' म्हणत.